पेणहून आणलेलं तोंड

देवाने दिलेलं एक तोंड बहुतेक माणसांना जन्मभर पुरतं. मला पुरलं नाही. मी पेणला जाऊन दुसरं करवून आणलं, एस.टी.तून मांडीवर घेऊन रोह्याला आलो आणि कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातल्या घरी नेलं. यात लाजण्यासारखं काही नाही असं मी अजूनही मानतो. पण त्यानंतर दोन्ही काठांवरची माणसं मला बघितलं की आधी गालातल्या गालात हसतात आणि मग नमस्कार करतात, म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकलेलं बरं.

मी रोह्याच्या शाळेत मराठी शिकवतो. माझं नाव नीलकंठ, तेव्हा कंठाशी माझा संबंध बारशापासूनचा. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्णांची घराणी मी वर्षानुवर्षं पोरांच्या तोंडात कोंबत आलो. कुणी मला झोपेतून उठवून 'ट' कुठला म्हणून विचारलं असतं तरी मी डोळे न उघडता 'मूर्धन्य' म्हणालो असतो आणि पुन्हा घोरलो असतो. ही मूर्धा नेमकी कुठे असते ते मात्र मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही हे चांगलंच झालं.

आमच्या कुंपणाला लागून हैबतरावांचं घर. पावसात भात आणि भात निघाला की वाल, अशी त्यांची शेती. आणि आवाज असा, की अष्टमीच्या काठावर ते बैलाला ओरडले की कुंडलिकेच्या पलीकडे रोह्यातला चहावाला दचकायचा. रोज उजाडता कुंपणापलीकडून हाक यायची, "मास्तर, उठलाव काऽऽ?" धाटावच्या कारखान्यांत पहिल्या शिफ्टला जाणारी माणसं या हाकेवर घड्याळं लावायची. झोपमोड होते म्हणून मी वत्सलेकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, कुरकुर करायचो. वत्सला म्हणायची, "त्यांना सांगा ना मग." पण त्या आवाजाला कोण काय सांगणार?

पुढे तंबाखूने घात केला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हैबतरावांचं स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. गळ्याला पुढून एक भोक राहिलं, श्वास तिथून चालू लागला, आणि त्यावर त्यांच्या बायकोने, गिरजाबाईंनी, पांढऱ्या मलमलीची झालर शिवून बांधली. हाक बंद झाली. मला आता उजाडल्यावरही झोप लागायची, आणि ती अजिबात गोड लागत नव्हती.

मुक्या माणसाचं दुःख काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. आवाज गेलाय म्हटल्यावर लोक त्यांना बहिरेच समजायला लागले. येईल तो कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, "बरे आहात काऽऽ?" हैबतराव ओठ हलवून काहीतरी म्हणायचे. नुसते ओठ. त्याचा अर्थ सांगायचं काम गिरजाबाईंकडे. हैबतरावांचे ओठ जेमतेम हलायचे आणि गिरजाबाईंचं भाषांतर चहा निवेपर्यंत चालायचं. "हे बोलतात, बरा हाय. हे बोलतात, औंदा पाऊस लांबला. हे बोलतात, वयनींच्या माहेराला समद्यांना इचारलाय म्हणून सांगा." हे सगळं हैबतराव खरंच बोलतात का, अशी शंका मला यायची, कारण भाषांतर चालू असताना ते स्वतः मान जोरजोरात आडवी हलवत असायचे. हळूहळू ते ओट्यावर बसायचे बंद झाले. बाहेरच येईनात.

एकदा मी समाचाराला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि ओठ हलवले. गिरजाबाईंनी पहिल्यांदाच छोटं भाषांतर केलं.

"हे इचारतात, आवाज गेला तो गेला. मंग शबूद कुठं गेलं?"

मी मराठीचा शिक्षक. शब्द हा माझा धंदा. 'आत्म्यात' म्हणावं की 'मेंदूत' म्हणावं याचा विचार करत मी बराच वेळ बसलो, आणि शेवटी "बघून सांगतो" असं म्हणून उठलो. टपालात पाकीट आलंय का विचारल्यावर पोस्टातला माणूस म्हणतो तसं. हैबतराव माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मला घरापर्यंत टोचत आलं.

मग मी शाळेच्या ग्रंथालयातून शरीरशास्त्राचं पुस्तक आणलं आणि मला एकामागून एक धक्के बसायला लागले. शब्द कंठात तयार होतच नाहीत! फुप्फुसातून हवा वर येते. गळ्यात दोन पातळ पडदे असतात, ते थरथरतात आणि नुसता एक भुणभुणाट होतो. तो भुणभुणाट सगळ्या स्वरांना सारखाच. त्याचा 'आ' करायचा की 'ई', हे वर तोंडात ठरतं. जीभ खाली ठेवून जबडा उघडला की 'आ', जीभ टाळूकडे उचलली की 'ई'. हवा ओठांनी अडवून सोडली की 'प', दातांमागे अडवली की 'त', जिभेचा शेंडा वर वळवून अडवली की 'ट'. मूर्धा कुठे असते ते मला नोकरीच्या उतरणीला, आरशासमोर तोंड वासून उभं असताना सापडलं. मी "सापडली!" असं ओरडलो. वत्सलेला वाटलं, चष्म्याची डबी.

पुस्तकात एक प्रयोग होता. गळ्याच्या घाटीवर बोट ठेवा आणि 'स्स्स' म्हणा. बोटाला काही लागत नाही. आता 'झ्झ्झ' म्हणा, बोटाखाली भुंगा. मी वत्सलेला बसवलं. मग नाक चिमटीत धरून 'म्म्म' म्हणायला लावलं. 'म' क्षणात गुदमरतो, कारण त्याला ओठ बंद असतात आणि तो सगळा नाकातून बाहेर पडतो. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी नाक धरून घरभर 'म' म्हणत फिरलो. नेमके त्याच वेळी मोरोपंत आले.

मोरोपंत म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त कंपाउंडर. सल्ला हा त्यांचा श्वासोच्छ्वास. मी नाक धरून फिरतोय आणि बायको स्वतःचा गळा चाचपत बसलीय हे पाहून ते उंबऱ्यातच थांबले, आणि मग शांतपणे म्हणाले, "नीलकंठराव, हळद आणि मीठ. गरम पाण्यात. दोघांनीही." मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "असं होय? तरीपण हळद-मीठ करा."

इथपर्यंत थांबलो असतो तर माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण त्याच सुमारास रोह्यात तालुक्याच्या शाळांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि मुख्याध्यापक म्हणाले, मराठी विभागातून दर वर्षी म्हणींचे तक्तेच येतात, यंदा काहीतरी नवं करा. माझ्या तोंडून निघून गेलं, "बोलणारं तोंड करतो." मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय बोलेल?" मी म्हणालो, "आई." त्यांनी ते लगेच वर कळवलं. बोलून गेलेला शब्द परत तोंडात घालता येत नाही, हा उच्चारशास्त्रातला पहिला नियम मी तिथे शिकलो.

सामान जमवायला सुरुवात झाली. फुप्फुस म्हणून मोरोपंतांच्या वडिलांची जुनी पायपेटी मिळाली, म्हणजे पायांनी भाता हलवून वाजवायची बाजाची पेटी. तिचे सूर केव्हाच उंदरांनी खाल्ले होते, पण भाता शाबूत होता. पेटी देताना मोरोपंतांनी तिच्यावर मोठमोठ्या गवयांचे पाय लागल्याचं सांगितलं आणि मग रोज येऊन, माझे पाय त्या योग्यतेचे आहेत की नाहीत ते बघून जाऊ लागले. गळ्यातल्या पडद्यांच्या जागी जत्रेतल्या पिपाणीची पट्टी बसवली. भात्याचं वारं पिपाणीत आणि पिपाणीचा आवाज रबरी नळीतून वर. पाय हलवले की नळीच्या टोकाला 'प्यां' असा स्वच्छ भुणभुणाट निघायचा. राहिलं तोंड.

आणि ही सगळी खटपट चालू असताना एक गोष्ट घडली. हैबतराव घराबाहेर आले. आधी कुंपणाशी उभे राहिले, मग ओट्यावर येऊन बसले. नळी हातात घ्यायचे, पिपाणीला बोट लावायचे, मग तेच बोट स्वतःच्या गळ्यावरच्या झालरीकडे न्यायचे. गिरजाबाई शेजारी बसून त्यांच्या वतीने मला सूचना करायच्या. "हे बोलतात, नली घट बांधा, वारा जातंय." ही सूचना मात्र खरी असावी, कारण ती ऐकताना हैबतरावांची मान उभी हलत होती.

तोंडासाठी मी पेणला गेलो. पेण हे वत्सलेचं माहेर, आणि तिच्या माहेरच्या आळीत पुंडलिकचा गणपतीचा कारखाना. आता पेणला जावयाने जाणं म्हणजे काय ते पेणच्या जावयांनाच ठाऊक. मी आळीत शिरताच चारी बाजूंनी 'जावईबापू, जावईबापू' सुरू झालं, आणि कारखान्यात पोचेपर्यंत माझ्या पोटात पोह्याचे पापड, तळलेले आणि भाजलेले, दोन्ही गेले. भाद्रपद जवळ आलेला. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे शाडूचे गणपती वाळत बसलेले आणि मधोमध पुंडलिक हातात बारीक कुंचला घेऊन डोळ्यांची आखणी करत होता.

मी त्याला कागदावर आकृती काढून दाखवली. माणसाचं डोकं, नाकाच्या रेषेत मधोमध उभं कापलेलं. आतली जीभ, दात, टाळू, पडजीभ सगळं उघडं दिसतंय, आणि मानेतून वर नळी घालायला वाट. पुंडलिकने आकृती उलटीसुलटी करून पाहिली.

"अर्धंच डोकं?"

"अर्धंच. आतलं दिसायला हवं."

"आणि हा गाल कुठाय?"

"तो नकोच आहे."

पुंडलिकचा चेहरा असा झाला, जणू त्याच्या कारखान्यातून मी अर्धा गणपती मागतोय. पण मागणारा जावई. नाही कसं म्हणणार? तो म्हणाला, "जावईबापू, करतो. तुमचं काम म्हणजे वत्सूताईचं काम. आतलं अगदी हुबेहूब करतो." आणि खरोखर त्याने शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन तोंडं पाहिली, असं मला नंतर समजलं. कामात कुठेच कसूर केली नाही.

ठरल्या दिवशी मी तोंड आणायला गेलो. पुंडलिकने पेंढ्यातून ते बाहेर काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

डोकं पूर्ण होतं. दोन्ही गाल होते. दोन्ही कान होते. ओठ मिटलेले, आणि त्यांवर मंद, प्रसन्न हसू. डोळे असे रेखलेले की कारखान्यात कुठेही उभं राहिलं तरी ते आपल्याकडेच बघतायत असं वाटावं. कपाळाला गंध लावायचं तेवढं बाकी होतं.

"पुंडलिकशेठ, आतली जीभ?"

"आत हाय ना! जीभ हाय, दात हायत, पडजीभसुद्धा हाय. समदा केलाय. मग वरून बंद केला."

"बंद का केलं पण?"

पुंडलिकने कुंचला खाली ठेवला. "जावईबापू, मी केलं होतं तुम्ही सांगितलं तसं. अर्धं. फळीवर ठेवलं. सकाळी बघतो, तर कारागीर तिकडे पाठ करून बसलेले. आमचे बाबा आले, ते म्हणाले, भाद्रपदाच्या तोंडावर भंगलेली वस्तू कारखान्यात? आपल्या दारातून आजवर खंडित काही बाहेर गेलेलं नाही. आणि जाऊन जाऊन ते जाणार कुणाकडे, तर जावयाकडे! आळीत तोंड दाखवायला जागा राहील का मला? म्हणून पुरं केलं."

"पण मला आतलं दाखवायचं होतं!"

"माणसाचं तरी कुठं दिसतं?" पुंडलिक म्हणाला. "नाकपुड्या मात्र आरपार कोरल्यात हां. श्वास हवा."

मी डोकं टॉवेलात गुंडाळलं. त्याने हौसेने हुबेहूब काम केलं होतं, आणि वर नारळ दिला होता.

एस.टी.त नवीन भानगड. मी खिडकीशी बसलो, मांडीवर डोकं, डोक्यावर टॉवेल. वळणावर टॉवेल सरकला आणि शेजारच्या बाईने एकदम हात जोडले. ते बघून पुढच्या सीटवरच्यांनी जोडले. कंडक्टर आला आणि अडून बसला.

"हे काय हाय?"

"तोंड आहे."

"सामान असेल तर सामानाचं तिकीट. देव असेल तर देवाला कसला तिकीट? पयला ठरवा."

विज्ञानाशी प्रामाणिक राहून मी म्हणालो, "देव नाही." शेजारची बाई संतापली. "अवो, डोलं बघा त्याचं! देव नाय काय बोलतांव?" गाडीत दोन पक्ष पडले. नागोठणे येईपर्यंत वाद चालू होता आणि मी मध्ये, डोकं छातीशी धरून. शेवटी कंडक्टरने माझं एकट्याचंच तिकीट फाडलं आणि उतरताना डोक्याला नमस्कार केला. मला नाही केला.

अष्टमीत पोचलो तर गिरजाबाई दारातच. "अगो बाय, किती शांत मुद्रा हाय!" म्हणून त्यांनी घरातून हळदकुंकू आणलं. मी करवत काढली. एक गाल कापला की काम झालं असतं. वत्सलेने माझा हात धरला. "अहो, खबरदार. माझ्या माहेरची वस्तू आहे." मोरोपंत म्हणाले, "कापायचंच तर आधी मुहूर्त बघा." या सगळ्यांना मी झुगारून दिलं असतं. पण करवत गालाला लावली आणि ते डोळे माझ्याकडे बघायला लागले. मला पुढे जाववेना. मी करवत ठेवून दिली. विज्ञाननिष्ठ माणसाला हे कबूल करताना किती यातना होतात ते सांगून कळणार नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी डोकं, पायपेटी आणि नळी हातगाडीवर घालून आम्ही पूल ओलांडला. गाडीमागे वत्सला, मोरोपंत, गिरजाबाई, आणि गळ्याला स्वच्छ झालर बांधून हैबतराव. आवाज गेल्यानंतर ते पहिल्यांदाच पुलापलीकडे निघाले होते. ओळखीचे लोक भेटून त्यांच्या कानात ओरडत होते आणि ते मान खाली घालून चालत होते. मला वाटलं, आज निदान या डोक्याने तरी 'आई' म्हणावं. यांना दाखवता येईल की बघा, आवाज म्हणजे नुसती पिपाणी आहे आणि शब्द वर होतात. त्यांच्या प्रश्नाचं एवढं तरी उत्तर मी देणं लागत होतो. बंद ओठांतून 'आ' कसा निघणार हे मला ठाऊक होतं. पण माणूस आशेवर जगतो, आणि पुंडलिकने ओठांमध्ये एखादी फट ठेवली असेलही.

फट नव्हती.

त्याआधी नोंदणीच्या टेबलावर अडवणूक झाली. तिथल्या गृहस्थांचं म्हणणं, मूर्ती विज्ञानात बसत नाही, मातीकामात न्या. मी म्हणालो, हे यंत्र आहे. ते म्हणाले, यंत्राला गंध कसं? (गिरजाबाईंनी वाटेत लावलं होतं.) मी म्हणालो, आत जीभ आहे. ते म्हणाले, दाखवा. अखेर मुख्याध्यापकांनी मध्यस्थी केली आणि डोक्यापुढे चिठ्ठी लागली, 'वाचायंत्र (बंद)'.

प्रमुख पाहुणे आले, तालुक्याचे एक साहेब. त्यांच्यामागे अख्खं सभागृह. मी पायपेटीशी बसलो. माझं तासभराचं व्याख्यान तयार होतं, पण साहेब म्हणाले, "आधी बोलू द्या त्याला." मी पाय हलवायला लागलो. शिंप्यासारखा दिसत होतो, असं वत्सला नंतर म्हणाली.

डोक्याच्या नाकपुड्यांतून आवाज आला, "म्म्म्म्."

साहेब वाट बघत होते.

"म्म्म्म्म्."

शास्त्राच्या दृष्टीने ते अचूक होतं. ओठ बंद, वारा नाकातून, म्हणजे 'म'. त्याहून शुद्ध 'म' मी कुठल्या विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलेला नाही. पण मागून कुणीतरी म्हणालं, "गाय हाय रं!" आणि सभागृह फुटलं. साहेबही हसले. मुख्याध्यापक छताकडे बघायला लागले. मी पाय हलवतच राहिलो, कारण थांबलो असतो तर उठून बाहेर जावं लागलं असतं, आणि बाहेर जायची वाट त्या हसणाऱ्या लोकांमधून होती. माझे कान इतके तापले होते की मला नीट दिसतही नव्हतं.

म्हणून हैबतराव कधी उठून पुढे आले ते मला कळलं नाही. डोक्याच्या मानेतून त्यांनी नळी उपसली. खांद्यावरच्या उपरण्याने टोक पुसलं. ते टोक तोंडाच्या कोपऱ्यात धरलं आणि माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

मी भाता मारला. आधी नुसतं 'प्यां'. हैबतरावांनी डोळे मिटले. जबडा हलला.

"आऽऽ," पिपाणी म्हणाली.

मग त्यांनी जीभ वर उचललेली मी पाहिली. मी, ज्याने ते आरशासमोर उभं राहून शिकलं होतं.

"ईऽऽ."

हसणं थांबलं. मी घाबरून पाय जोरात मारले, तशी पिपाणी किंचाळली आणि त्या किंचाळण्यातून वाक्य आलं, बारीक, पोरासारख्या आवाजात, पण प्रत्येक अक्षर हैबतरावांचं.

"हलू... मास्तर. हलू."

माझे डोळे भरून आले ते मी लपवणार नाही. एवढा मोठा माणूस, ज्याच्या हाकेने नदी ओलांडली होती, तो पिपाणीच्या आवाजात मला हळू म्हणत होता, आणि मला ते जगातलं सगळ्यात सुंदर बोलणं वाटलं. मी हळू केलं. हैबतराव वळले. समोर गिरजाबाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या.

"गिरजे," ते म्हणाले, "वाल बास जाले गो. रोज रोज वाल."

सभागृहात असा हशा झाला की डोकंसुद्धा टेबलावर हललं. गिरजाबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. "बगा, बगा! इतकं दिस मी बोलतंय, हे बोलतात, वाल आवडतात. कंदी सांगितला नाय ह्यांनी!"

"सांगत व्हतो," पिपाणी म्हणाली. "तू... बोलत व्हतीस."

त्यानंतर प्रदर्शन बंद पडलं. गणिताचे तक्ते आणि पवनचक्क्या सोडून सगळे आमच्या टेबलाभोवती. ज्याला त्याला हैबतरावांशी बोलायचं होतं, आणि आश्चर्य म्हणजे आता कुणी त्यांच्या कानात ओरडत नव्हतं. हैबतरावांनीही मनात साचलेलं सगळं बाहेर काढलं. पावसाचं, बैलाचं, बांध कोरणाऱ्या भावकीचं, एकेकाला नाव घेऊन. मला यामागचं तत्त्व समजावून सांगायचं होतं. साहेबांना मी म्हणालोही, "याचं असं आहे बघा," पण बोलायच्या नादात माझे पाय थांबले आणि हैबतरावांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. चारी बाजूंनी लोक ओरडले, "मास्तर, तुम्ही बोलू नका!" साहेबसुद्धा म्हणाले, "तुम्ही चालू ठेवा." व्याख्यान खिशातच राहिलं. भाषेच्या शिक्षकाने त्या दिवशी दुपारपर्यंत फुप्फुसाची नोकरी केली.

बक्षीस पुंडलिकला मिळालं, मातीकामात. माझं यंत्र माणसाच्या मदतीशिवाय बोलत नाही, असा शेरा पडला.

पुढे हैबतराव तपासणीला मुंबईला गेले तेव्हा गिरजाबाईंनी डॉक्टरांना सगळी कथा सांगितली, हैबतरावांच्या नव्हे, स्वतःच्या वतीने. डॉक्टर म्हणाले, अशी नळी खरोखरीची मिळते. एक टोक गळ्याच्या भोकावर धरायचं, दुसरं तोंडात, आणि मधल्या पट्टीला वारा स्वतःच्याच श्वासाचा. ती नळी आता हैबतरावांच्या खिशात असते. पायपेटी मोरोपंत घेऊन गेले आणि तिच्यावर पाय लागलेल्या थोर माणसांत माझं नाव घालायला त्यांनी साफ नकार दिला. डोकं आमच्या पडवीत आहे. वत्सला रोज त्याला फूल वाहते. ते बंद ओठांनी हसत माझ्याकडे बघत असतं.

नळी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना कुंपणापलीकडून बारीक आवाज आला, "मास्तर, उठलाव काऽऽ?" मी अंथरुणातून धावत सुटलो. हैबतराव कुंपणाशी उभे होते, एक हात गळ्याशी, नळी ओठांत. मला त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. शास्त्रशुद्ध, सगळं, फुप्फुसापासून ओठांपर्यंत, नीट क्रमाने. मी घसा खाकरून म्हणालो, "हैबतराव, तुम्ही विचारलं होतंत ना, शब्द कुठे गेले..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"शबूद कुठंच गेलं नव्हतं, मास्तर. हितं, तोंडातच व्हतं," ते म्हणाले. "तुम्ही उगाच पेणला गेलाव."